उत्तर बरोबर आहे, हे कशावरून?

मागच्या दिवाळीत आमच्या फराळाच्या गटातून चकली जवळजवळ हद्दपार झाली होती. हद्दपार केली एका स्प्रेडशीटनं, आणि त्या स्प्रेडशीटला चुकीचा आकडा दिला होता मी.

आम्ही चौघी चेन्नईत राहतो. दिवाळीच्या आधी दोन आठवडे फराळ करून विकतो. गिऱ्हाइकांत मराठी घरं थोडी, तमिळ शेजारी जास्त. त्यांच्याकडे मुरुक्कू असतोच, पण भाजणीच्या चकलीची चव वेगळी हे त्यांना आता कळलंय. चकलीचं खातं आमच्यातल्या आजींकडे. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या; सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांच्या राज्याबरोबर जी घरं तिकडे गेली, त्यांपैकी एक. वय पंचाहत्तर, सोऱ्यावरचा हात अजून पक्का. लाडू बाकीच्या तिघी वळतो.

हिशेब सोपा होता. चौघींचे मिळून ४० तास. भांडवल १२,००० रुपये. एक किलो चकलीला एक तास आणि २०० रुपयांचं सामान लागतं, नफा १०० रुपये. एक किलो बेसन लाडवाला एक तास आणि तुपामुळे ४०० रुपयांचं सामान, नफा १५० रुपये. मग किती चकली आणि किती लाडू केले, तर नफा सगळ्यांत जास्त?

माझी भाची इथल्याच एका कॉलेजात गणित शिकते. ती म्हणाली, ‘‘मावशी, हे सॉल्व्हरला घालू.’’ सॉल्व्हर म्हणजे असे वाटणीचे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर. साध्या स्प्रेडशीटमध्येही ते असतं. आकडे मी टाईप केले, तिनं बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं: लाडू ३० किलो, चकली शून्य, नफा ४,५०० रुपये. खाली हिरव्या अक्षरांत सॉफ्टवेअरचं आश्वासनही होतं, की यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आम्ही तपासलं. म्हणजे आम्हाला वाटलं की तपासलं. ३० किलो लाडवांना ३० तास, ते चाळीसच्या आत. ३० गुणिले ४०० म्हणजे १२,०००, भांडवलात बसतं. दोन्ही अटी पाळलेल्या. शिवाय लाडवाला नफा जास्त, तेव्हा सगळे लाडूच करा हे मनालाही पटत होतं. ‘यंदा चकली नाही’ असं मी ग्रुपवर टाकलं. आजींनी अंगठा दाखवला आणि गप्प राहिल्या. त्यांचं वर्षातलं ते एकच कमाईचं काम.

रात्री त्यांचा फोन आला. तक्रार नव्हती, प्रश्न होता. ‘‘अगं, चाळिसातले दहा तास मग आपण काय करायचं?’’

इथं जरा थांबू या. आमची तपासणी कुठे अपुरी होती? उत्तर अटींत बसतं का, एवढंच आम्ही पाहिलं. ते सगळ्यांत चांगलं आहे का, हे पाहिलंच नाही. पण ते पाहणार तरी कसं? शक्य असलेल्या सगळ्या वाटण्या करून बघणार का? दोन पदार्थांचं ठीक आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यात किंवा विमान कंपनीत अशाच प्रश्नात हजारो, कधी लाखो गोष्टी असतात. सगळ्या शक्यता मोजायला आयुष्य पुरणार नाही.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर याच जागी अडकले होते. एका माणसाला वर्षभर पुरेसं पोषण देणारा सगळ्यांत स्वस्त आहार कोणता, हा त्यांचा प्रश्न. ७७ पदार्थ, ९ पोषक घटक. १९४५मध्ये त्यांनी अंदाजानं आणि हुशारीनं उत्तर काढलं: १९३९च्या भावानं वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. उत्तर अटींत बसत होतं. पण याहून स्वस्त आहार नाहीच, असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. १९४७मध्ये जॉर्ज डँट्झिग यांची नवी पद्धत वापरून नऊ जणांनी हातानं चालवायच्या गणनयंत्रांवर तेच गणित केलं. १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. फरक फक्त २४ सेंटचा! स्टिगलर जवळजवळ शिखरावर उभे होते, फक्त शिखर कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

ते दिसण्याची युक्ती त्याच वर्षी मिळाली. ३ ऑक्टोबर १९४७ला डँट्झिग प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांना भेटायला गेले. आपला प्रश्न समजावून सांगायला लागले, तर फॉन नॉयमननी उलट त्यांनाच त्या प्रश्नाच्या जोडप्रश्नाबद्दल भलंमोठं व्याख्यान दिलं. ती कल्पना मी तुम्हाला चकलीच्या भाषेत सांगते, कारण मला ती तशीच समजली.

समजा, एक माणूस आमच्या दारात येतो आणि म्हणतो, ‘‘फराळ करू नका. तुमचे तास आणि तुमचं भांडवल मला भाड्यानं द्या. तासाला ५० रुपये देतो. भांडवल जसंच्या तसं परत, वर रुपयामागे २५ पैसे.’’ आता एक किलो चकलीत आमचं जे जे जातं त्याचं भाडं किती होतं? एक तासाचे ५०, आणि २०० रुपयांवर ५०. एकूण १००. चकलीचा नफाही १००च. लाडवाचं बघा: तासाचे ५०, ४०० रुपयांवर १००, एकूण १५०. नफाही १५०. म्हणजे आम्ही चकली आणि लाडू कसेही, कितीही केले, तरी नफा त्या माणसाच्या भाड्याहून जास्त होऊच शकत नाही. आणि सगळं भाडं मिळून किती? ४० तासांचे २,००० आणि १२,०००वर ३,०००. पाच हजार.

हे झालं छत. ४० तास आणि १२,००० रुपयांत कोणीही, कितीही डोकं लढवलं, तरी ५,०००च्या वर जाणार नाही. आता २० किलो चकली आणि २० किलो लाडू करून बघा. तास ४०. सामान ४,००० आणि ८,०००, म्हणजे बरोबर १२,०००. नफा २,००० अधिक ३,०००. पाच हजार! हात छताला टेकला. आता दुसरी एकही वाटणी तपासायची गरज उरली नाही.

या ५० रुपये आणि २५ पैशांना छायाकिंमत म्हणतात. बाजारात ती कुठे लिहिलेली नसते, पण चांगलं सॉल्व्हर उत्तराबरोबर तीही देतं. फक्त अहवालाच्या दुसऱ्या पानावर, जे कोणी उघडत नाही. आम्हीही उघडलं नव्हतं.

आजींच्या फोननंतर उघडलं. सॉफ्टवेअरनं तासाची छायाकिंमत दिली होती शून्य आणि रुपयामागे साडेसदतीस पैसे. तासाची किंमत शून्य, कारण दहा तास उरतच होते. जे उरतं त्याला भाव नाही. (आजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.) भाची एकेक ओळ वाचत गेली आणि मी आजींच्या वहीशी ताडून पाहत गेले. लाडू: ४०० रुपयांवर साडेसदतीस पैशांनी १५०. नफा १५०. जुळलं. चकली: २०० रुपयांवर ७५. वहीतला नफा १००.

शंभर पंचाहत्तरपेक्षा मोठे. छताला भोक! म्हणजे चकली करण्यात फायदा होता आणि सॉफ्टवेअरला तो दिसत नव्हता. का दिसत नव्हता? मी चकलीचा नफा १०० ऐवजी १० टाईप केला होता. एक शून्य बोटातून निसटलं होतं. दहा रुपयांच्या चकलीसाठी ‘सगळे लाडूच करा’ हेच उत्तर अगदी बरोबर होतं. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. त्यानं आमचा नसलेला प्रश्न अचूक सोडवला होता.

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही हीच पडताळणी स्क्रीनवरच्या आकड्यांशी केली असती, तर सगळं जुळलं असतं. दहा पंचाहत्तरपेक्षा लहानच आहे. चूक सापडली ती आजींच्या वहीमुळे. तपासायचं तर ज्या कागदावरून आकडे घेतले त्या कागदाशी, यंत्रात घातलेल्या आकड्यांशी नव्हे.

आता आपल्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. नरेंद्र करमरकर. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ला पदवी, मग अमेरिकेत बर्कलीला डॉक्टरेट, मग न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये नोकरी. डँट्झिग यांची पद्धत उत्तराच्या आकृतीच्या कडेकडेनं, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत जाते. करमरकरांनी १९८४मध्ये आकृतीच्या पोटातून जाणारी वाट काढली आणि मोठ्या प्रश्नांतही ती पावलांचा फार पसारा होऊ देत नाही, हे सिद्ध केलं. १९ नोव्हेंबर १९८४ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. करमरकर तेव्हा २८ वर्षांचे होते. गणिताची बातमी पहिल्या पानावर, आणि नाव मराठी! माझ्या वडिलांनी त्या काळी ते कात्रण कुणाकडून तरी मिळवून वर्षानुवर्षं जपलं होतं.

पण त्या कौतुकाबरोबर एक वादही झाला, आणि तो आजच्या विषयाचाच आहे. ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा कधीकधी पन्नास पट वेगवान आहे, असा दावा होता. ती चालवणारा प्रोग्रॅम आणि त्याचे तपशील मात्र कंपनीनं उघड केले नाहीत. पेटंट मागितलं (ते १९८८ला मिळालं) आणि या पद्धतीवर चालणारी यंत्रणा ८९ लाख डॉलर किमतीला विकायला ठेवली. इतर तज्ज्ञ वैतागले. वेग तपासायचा तर तोच प्रोग्रॅम, तेच प्रश्न हातात हवेत, ते नव्हते. मग अनेकांनी प्रसिद्ध झालेल्या सिद्धान्तावरून आपापले प्रोग्रॅम लिहिले, सुधारले आणि काही वर्षांत ही वाट खरंच दमदार आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. आज चांगल्या सॉल्व्हरमध्ये दोन्ही पद्धती असतात. डँट्झिगची जुनी पद्धतही निवृत्त झाली नाही.

वेगाचा दावा असा अडकून पडला होता, पण उत्तराचं काय? समजा, त्या कुलूपबंद यंत्रणेनं एखाद्या कंपनीला वाटणीचं उत्तर दिलं आणि सोबत छायाकिमती दिल्या. ते उत्तर तपासायला आत काय चाललंय हे कळण्याची गरजच नव्हती. हात किती वर गेला आणि छत कुठे आहे, हे गुणाकार-बेरजेनं कोणीही बघू शकलं असतं. उत्तर शोधणं अवघड, तपासणं सोपं. करमरकरांनी ते शोधलं की डँट्झिगनी की भाचीच्या लॅपटॉपनं, छताला फरक पडत नाही.

मात्र सगळे प्रश्न चकलीइतके गुणी नसतात. अर्धा टँकर पाठवता येत नाही, अर्धी बस धावत नाही. पूर्ण संख्याच हवी असेल तर हात आणि छत यांत फट राहते, आणि सॉफ्टवेअर हजारो पर्याय चाळत ती कमी करत जातं. म्हणून पडद्यावर ‘गॅप २ टक्के’ असं दिसतं. त्याचा अर्थ, हाती असलेलं उत्तर सर्वोत्तमापेक्षा फार तर दोन टक्क्यांनी कमी आहे. हे बऱ्याचदा पुरतं. पण ‘गॅप’ न सांगता कोणी ‘सर्वोत्तम मार्ग’ विकत असेल, तर विचारा.

सगळ्यांत नामी तपासणी झाली ती एका फिरस्त्याच्या प्रश्नाची. बेल लॅब्जमध्येच चिप बनवताना निघालेला प्रश्न: ८५,९०० ठिकाणांना एकेकदा भेट देऊन परत येण्याचा सगळ्यांत छोटा रस्ता. २००६ला उत्तर मिळालं. एकाच प्रोसेसरनं केलं असतं तर त्या कामाला शंभराहून जास्त वर्षं लागली असती. इतक्या लांबलचक गणितात कुठे ठेच लागली नाही, हे कोण सांगणार? म्हणून त्या संशोधकांनी छताचे सगळे पुरावे साठवून ठेवले आणि तपासणीसाठी वेगळा, साधा प्रोग्रॅम लिहिला. तो तपास काही आठवड्यांत झाला आणि २००९मध्ये प्रसिद्ध झाला. शोधणारा एक, तपासणारा दुसरा. आपल्याकडे बँकेत कॅश मोजतानाही हेच करतात.

आता एक खोडी जी छायाकिमतींनीही सहज दिसत नाही. संगणक दशांश शेवटपर्यंत नेत नाही, कुठेतरी तोडतो. त्यामुळे सॉल्व्हरला ‘एवढी चूक चालेल’ अशी एक मर्यादा असते. बहुधा दहा लाखांत एक. ऐकायला काहीच नाही ना? चेन्नईकरांना २०१९चा उन्हाळा आठवत असेल. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरमबक्कम, चारही जलाशय जवळजवळ कोरडे, आणि गल्लीगल्लीत टँकरपुढे प्लॅस्टिकच्या कुडमांची रांग. समजा, तेव्हा कोणी टँकरच्या फेऱ्यांचं गणित मांडलं. अट अशी: टँकर पाठवला तर १, नाही तर ०, आणि वस्तीत पोचणारं पाणी या आकड्याच्या १०० कोटी पटीहून जास्त नको. १०० कोटी कशाला? काही नाही, ‘मोठा आकडा टाकून ठेवू’ एवढाच विचार. आता सॉफ्टवेअर ०च्या जागी एक दशलक्षांश घेतं आणि ते शून्यच आहे असं मानतं. त्याला १०० कोटींनी गुणा: १,००० लिटर. कागदावर टँकर निघालाच नाही, पण पाणी पोचलं! वस्तीत मात्र कुडम रिकामेच.

उपाय अवघड नाही. टँकर १२,००० लिटरचा असेल तर १२,०००च लिहावं. आणि आलेलं उत्तर गोळाबेरीज करून, स्वच्छ ० आणि १ घालून, पुन्हा अटींत बसवून पाहावं. या दशांशांचा त्रास तज्ज्ञांनाही झालाय. जगभर सॉल्व्हरची परीक्षा ज्या ठरावीक प्रश्नसंचावर घेतली जाते, त्यातल्या प्रश्नांची नेमकी उत्तरं काय, याबद्दलच अठरा वर्षं थोडी अनिश्चितता होती. शेवटी २००४मध्ये बर्लिनच्या एका संशोधकानं दशांश सोडून शुद्ध अपूर्णांकांत सगळं मोजून ती उत्तरं पक्की केली.

आणि सगळे आकडे बरोबर असूनही उत्तर हास्यास्पद येऊ शकतं. डँट्झिगनी एकदा स्वतःच्या पथ्याचं गणित संगणकावर घातलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी वगळून उरणारं वजन जास्तीत जास्त हवं, अशी मांडणी केली. संगणक म्हणाला, रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्या. कारण तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाण्याचा अंश शून्य धरलेला होता. व्हिनेगर काढून टाकलं, तर म्हणाला, सूपच्या खारट वड्या खा, रोज २००! त्यांनी काही वड्या पाण्यात विरघळवून घोटभर घेऊन पाहिलं आणि थुंकून टाकलं. इतकं मीठ माणूस खात नाही, ही अट संगणकाला कोणी सांगितलीच नव्हती. सॉल्व्हर असल्या न सांगितलेल्या अटीच शोधून काढतं. ते त्याचं वाईट नाही, उलट मला तो त्याचा गुण वाटतो; फक्त ताटात वाढण्याआधी एकदा चाखून पाहायला हवं.

आम्हालाही एक न सांगितलेली अट सापडली. इथली दिवाळी पावसात येते. समुद्राची दमट हवा आणि वरून ईशान्य मोसमी पाऊस. चकली दोन दिवसांत मऊ पडते. २० किलो चकली करा, असं गणित म्हणालं, पण कधी करा हे म्हणालं नाही. आजींनी सांगितलं, लाडू आधी, चकली शेवटच्या तीन दिवसांत, आणि तळून गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. तसं केलं. ग्रुपवरचा माझा आधीचा निरोप मी पुसून टाकला, पण आजींनी तो वाचलेला होताच. मी माफी मागायला गेले, तेव्हा त्या भाजणी चाळत होत्या. ‘‘तुझं ते दुसरं पान मला लिहून दे,’’ एवढंच म्हणाल्या.

लिहून दिलं. त्यांच्या वहीच्या आतल्या बाजूला आता दोन आकडे आहेत: तास ५० रुपये, रुपयामागे २५ पैसे. तास तेवढेच आणि भांडवल तेवढंच, तोवर ते चालतील. परवा एका बाईंनी विचारलं, यंदा शंकरपाळे का नाही करत? आजींनी चष्मा लावला. एक तास, २८० रुपयांचं सामान, नफा ११०. पन्नास आणि सत्तर, एकशेवीस. ‘‘नाही परवडत,’’ म्हणाल्या. अनारसे? दोन तास, ३०० रुपये, नफा १६०. शंभर आणि पंचाहत्तर. त्यांनी वही मिटली. अनारसे विकायचे नाहीत, घरच्यापुरते करायचे असं ठरलं.